चातुर्मासात एक लाख जप: नोकरी, लोकल आणि घर सांभाळून ठेवलेल्या नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

उद्या आषाढी. दरवर्षी चातुर्मासात कांदा-लसूण सोडते आणि चार महिने सगळ्यांवर चिडचिड करते, म्हणून ह्या वर्षी काही सोडायचं नाही, काहीतरी धरायचं असं ठरवलं. त्रयोदशाक्षरी, म्हणजे श्रीराम जय राम जय जय राम, एक लाख. कारण काही फार मोठं नाही. रात्री झोपताना डोक्यात ऑफिसचं रिकन्सिलिएशन चालू असतं, सकाळी उठल्यापासून आवाज चढलेला असतो, आणि डॉक्टर म्हणाले बीपी बॉर्डरलाइनला आहे, गोळीआधी लाइफस्टाइल बघा. आता लाइफस्टाइल म्हणजे नक्की काय बघायचं ते त्यांनी नाही सांगितलं.

हिशोब असा. उद्यापासून कार्तिकी एकादशी २ नोव्हेंबरपर्यंत १२० दिवस. माळ १०८ मण्यांची पण धरायची १००, वरचे ८ मणी, उच्चार चुकले, लक्ष गेलं, त्यात जमा, ही आमच्या सासूबाईंची पद्धत आणि बऱ्याच जणांची हीच आहे. म्हणजे लाखासाठी हजार माळा. रोज ९ केल्या तर ११२ दिवसात होतात, आठवडाभराची सवलत उरते. एका माळेला साडेपाच मिनिटं लागतात (घड्याळ लावून बघितलं), म्हणजे रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं.

खर्च: जपाची तुळशीमाळ १५० रुपये, गोमुखी (जप करताना माळ आणि हात आत ठेवायची पिशवी) ८०, लोकरी आसन ३५०, बोटात घालायचा डिजिटल काउंटर १२०. गळ्यातली माळ जपाला वापरायची नाही, वेगळी घ्यायची, हे आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या म्हणून वेगळी घेतली.

६ जुलै, रविवार, आषाढी

सकाळी सव्वाचारला उठले. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाच्या आधीचे दोन मुहूर्त, मुहूर्त ४८ मिनिटांचा, त्यातलाही सूर्योदयाला लागून असलेला सोडायचा, म्हणजे सध्या साधारण साडेचार ते सव्वापाच. देवापुढे निरांजन लावलं, पाणी सोडून संकल्प केला, नऊच्या नऊ माळा एका बैठकीत झाल्या. एकदम भारी वाटलं. उपास होता, सुट्टी होती, घर झोपलेलं होतं, पाऊस पडत होता. ह्या दिवसावरून काहीही अंदाज बांधू नका.

९ जुलै, बुधवार

सव्वाचारचा प्लॅन बंद. कारण सरळ आहे, झोपायला साडेअकरा होतात. चौथ्या माळेला मान खाली, माळ मांडीवर, आणि जाग आली तेव्हा बोट कुठल्या मण्यावर होतं ते कळेना. ती माळ परत. परत डुलकी. असं करत सहा वाजले आणि डबा राहिला, मग नवऱ्याने ऑफिसच्या कँटीनमध्ये खाल्लं आणि मुलाला ब्रेड-जॅम दिला.

दोन गोष्टी बदलल्या. एक, उठायचं सव्वापाचला, झोप पूर्ण होऊ दे. दोन, डुलकी यायला लागली की मनातला जप सोडून मोठ्याने म्हणायचा. जपाचे तीन प्रकार सांगतात, वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे फक्त ओठ हलतात, आणि मानसिक. मानसिक सगळ्यात श्रेष्ठ वगैरे आहे पण नवीन माणसाला तो थेट झोपेत नेतो, हा माझा अनुभव. त्यामुळे पहिली माळ मोठ्याने, मग ओठात. मनातला सध्या नाही.

१४ जुलै, सोमवार

वाटणी पक्की केली. सकाळी ४, जाताना लोकलमध्ये ३, रात्री झोपायच्या आधी २.

लोकलमध्ये पहिल्या दिवशी गोमुखी काढली तर सगळ्या डब्याचं लक्ष माझ्या हाताकडे. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं झांजा वाजवत जातात त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण लेडीजमध्ये एकटी बाई पिशवीत हात घालून बसली की लोक संशयाने बघतात, शेजारची पर्स जवळ घेऊन बसली. म्हणून मग काउंटर वापरला. बोटात घातला, ओढणीखाली बटण दाबत राहिले. उतरायच्या गर्दीत तो कशावर तरी दाबला गेला आणि आकडा २९० वरून ४०० च्या वर. दुसऱ्या दिवशी बॅगेत असताना स्वतःच शंभरभर जप करून बसला. १२० रुपये वाया. फोनमधलं अ‍ॅप पण करून बघितलं, त्यात जपाच्या मधे ऑफिसच्या ग्रुपचा मेसेज वर येतो, की संपलं.

१८ जुलै, शुक्रवार

लोकलसाठी उपाय सापडला, फुकटचा. करमाळा. उजव्या हाताच्या पेरांवर मोजायचं: अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू, मग तिचं खालचं पेर, मग करंगळीची तिन्ही खालून वर, मग अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, मग तर्जनीची तिन्ही वरून खाली. झाले १०. मधल्या बोटाची खालची दोन पेरं मेरू (माळेच्या जोडावरचा, मोजणीत न धरायचा मणी) समजून सोडायची. दहा झाले की डाव्या हाताचं एक पेर. डाव्या हाताची दहा पेरं झाली की १००, म्हणजे एक माळ. आईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आजीने. दोन दिवस पेरांकडेच लक्ष जातं, मंत्राकडे जात नाही, तिसऱ्या दिवसापासून बोट आपलं आपण चालतं. उभं असताना जमत नाही कारण एक हात हँडलला, त्यामुळे सीट नसेल तर मोजायचं नाही, नुसतं म्हणायचं. ते हिशोबात धरत नाही.

२६ जुलै, शनिवार

ही नोंद जरा मोठी होणार, कारण गाडी इथे अडली.

तीन आठवडे होत आले. माळा वेळेवर चालल्यात, वहीत आकडा सरकतोय, आणि घरात माझा आवाज आधीपेक्षा जास्त चढलाय. म्हणजे शांत व्हायला बसले आणि बसण्याचं रक्षण करण्यासाठी भांडायला लागले. मी कुठेतरी वाचलं होतं की माळ चालू असताना बोललं तर ती माळ बाद, पहिल्यापासून करायची. मग झालं काय, नव्वदाव्या मण्याला मुलाने "आई माझा पीटीचा टीशर्ट कुठाय" विचारलं की मला तो टीशर्ट दिसत नव्हता, गेलेले नव्वद मणी दिसत होते. काल त्याला हाताने खुणा करून, डोळे मोठे करून, हूं हूं करून सांगायचा प्रयत्न केला, त्याला कळेना, शेवटी ओरडले. माळ बाद झालीच, वर तो न बोलता शाळेत गेला.

आई तेव्हा ओट्याशी होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, रामाचं नाव घेतेयस की त्याच्या नावाचं दुकान राखतेयस?"

मला राग आला. दिवसभर होता. पण संध्याकाळी परत येताना विचार केला की हिशोबात मी हजार माळा धरल्यात, त्यात अर्धवट राहणाऱ्यांसाठी जागाच ठेवलेली नाही. आठ मणी उच्चाराला सोडलेत पण माणसांना एकही सोडलेला नाही. आपल्याकडे ऑफिसात सुद्धा स्पॉइल्ड स्टेशनरीचं वेगळं रजिस्टर असतं.

म्हणून वहीत नवीन रकाना आखला: तुटलेल्या माळा. किती तुटल्या, कशाने तुटल्या, आणि तुटल्यावर मी काय केलं. नियम असा: कोणी हाक मारली की लगेच ओ द्यायची, माणसासारखं उत्तर द्यायचं, ती माळ मेरूशी परत आणून नव्याने सुरू करायची, गेलेले मणी मोजायचे नाहीत. नव्वद गेले तर नव्वद गेले. ते कुठे जातात, घरातल्या हवेतच राहतात ना.

३ ऑगस्ट, रविवार

रकान्यात आठवडाभराचं साचलं. दाराची बेल, कुकरची शिट्टी (ही मीच लावून बसले होते, दोष कुणाला देणार), नवऱ्याचं "चार्जर बघितलास का", सोसायटीच्या पंपाचा वॉचमन, आणि सगळ्यात जास्त वेळा चक्क माझं स्वतःचं मन. बाहेरचं कोणीच नव्हतं तरी माळ तुटली, म्हणजे मेरू आला तेव्हा लक्षात आलं की अर्धी माळ मी मनात मॅनेजरला उत्तरं देत होते, जिभेवर राम आणि डोक्यात मंथ एंड.

ह्यावर उपाय नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन पण हेच म्हणतो की मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही, आणि त्याला उत्तर मिळतं अभ्यास आणि वैराग्य. वैराग्य माझ्याकडे नाही, अभ्यासाचं बघू. लक्ष गेल्याचं लक्षात आलं की पुढच्या मण्यापासून नीट म्हणायचं, माळ बाद धरायची नाही. ती धरली असती तर हा लाख पुढच्या चातुर्मासात पण झाला नसता.

बारीक गोष्ट: कुकर लावून बसू नये. आधी करा नाहीतर नंतर.

१२ ऑगस्ट, मंगळवार

माळेचा वेळ परत मोजला आणि चपापले. साडेपाच मिनिटांची माळ सव्वातीन मिनिटांत होतेय. मी खूश, बघू म्हटलं स्पीड आला. मग फोनमध्ये रेकॉर्ड करून ऐकलं तर "श्रीरामजराम जजयराम" असलं काहीतरी. तेरा अक्षरांतली दोन-तीन मी गिळत होते आणि ते आठ मण्यांच्या सवलतीत बसणारं नाही. सरावलेली माणसं स्पष्ट उच्चार ठेवून वेगात म्हणतात, ती गोष्ट वेगळी, तो वेग अनेक वर्षांचा असतो.

उपाय म्हणून रोजची पहिली माळ मोठ्याने, मुद्दाम सावकाश, सात मिनिटं लागली तरी चालतील. पुढच्या माळा मग आपोआप त्या लयीत जातात. वेगात झालेल्यांपैकी अंदाजे २० माळा वहीतून कापल्या. जीवावर आलं होतं.

ह्याच आठवड्यात पाळीचे चार दिवस पण होते. आमच्याकडे तेव्हा देवापाशी जात नाहीत, माळेला हात लावत नाहीत. मी चार दिवस करमाळेवर केला, मनातल्या मनात, आणि हिशोबात धरला. आई म्हणाल्या नामाला विटाळ नसतो. कोणाच्या घरी वेगळी पद्धत असेल तर त्यांनी त्यांच्या पद्धतीने करावं, ह्यावर वाद घालायची मला हौस नाही. फक्त सुरुवातीलाच कॅलेंडर बघून ह्या दिवसांचं काय करायचं ते ठरवून ठेवा, मधेच ठरवत बसलं की दोन दिवस त्यातच जातात.

१ सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजन

गणपती २७ ला बसले, गौरी काल आल्या, आज पूजन. घरात माणसं, ओट्यावर पुरण, गादीवर पाहुणे. नऊपैकी तीन माळा झाल्या कशाबशा, परवा तर एकच. हिशोबातली आठवडाभराची सवलत इथेच जवळपास संपली.

विचित्र हे की ह्या दिवसांत फारशी चिडले नाही. तुटलेल्यांच्या रकान्यात नुसतं "पाहुणे" लिहून खाली वर आडवी रेघ ओढलीय. आरतीच्या वेळी टाळ्या वाजवताना लक्षात आलं की दुपारपासून डोकं दुखलेलं नाही, एरवी गौरीच्या दिवशी मला गोळी लागतेच. हे जपाने झालं की नवऱ्याने ह्या वर्षी भांडी घासायला बाई लावली म्हणून झालं, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही लिहून ठेवतेय.

८ सप्टेंबर, सोमवार

काल रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, दहाच्या सुमारास सुरू झालं ते दीडपर्यंत. मुलाला बघायचं होतं म्हणून जागे होतो, मी गॅलरीत आसन टाकून बसले. सोमवारची काळजी न करता दहा माळा झाल्या. नात्यातल्या एका काकूंचा फोन आला, ग्रहणातला जप हजारपट धरायचा म्हणे. तसं धरलं तर माझा लाख काल रात्री एकाच बैठकीत दहा वेळा पूर्ण होतो आणि कार्तिकीपर्यंत मी मोकळी. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण वहीत दहाच लिहिल्या.

आज पहाटे अर्थातच उठले नाही. पितृपक्ष सुरू.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

माळ तुटली, खरोखरची. दोऱ्याला घाम लागून लागून तो कुजला होता, रात्रीच्या दुसऱ्या माळेला मणी सगळ्या खोलीभर. कपाटाखालून, बेडखालून गोळा केले तरी पाच मिळाले नाहीत. मुलाने टॉर्च घेऊन तीन काढले, दोन गेलेच. मंगळसूत्र गाठवून देणारा पटवेकरी आमच्या बाजारात बसतो, त्याच्याकडे नेली, दोन मणी त्याने घातले आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून रेशमी दोऱ्यात ओवून दिली, ९० रुपये. गाठी असल्या की दोरा तुटला तरी मणी सांडत नाहीत आणि बोटाला एकेक मणी नीट लागतो. विकत घेतानाच गाठीची घ्या. गोमुखी पण धुवा, पंधरा दिवसांनी एकदा, पावसाळ्यात वास येतो.

माळ दुरुस्तीला होती तेवढे दिवस सगळा जप पेरांवर. अडलं काही नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

मागे पडलेय, साधारण साठ-सत्तर माळा. नवरात्रात घट बसलेले, रोज घटावर फुलांची माळ बांधायची गडबड, त्यात ऑफिसचं सहामाही क्लोजिंग.

कोणीतरी मला प्रोत्साहन म्हणून सांगितलं की समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहून ह्याच मंत्राचा तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. नवऱ्याने लगेच फोनवर भागाकार केला. दिवसाला जवळजवळ तीस हजार. माझ्या साडेपाच मिनिटांच्या हिशोबाने दिवसाचे सत्तावीस तास लागतील. तो हसत बसला, आणि मला उलट बरं वाटलं, ह्या आकड्यांच्या शर्यतीत आपण नाहीच आहोत हे एकदा कळलं की साठ-सत्तरचं ओझं वाटत नाही. शनिवार-रविवारी एकेक बैठक वाढवेन, झालं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसात आज मॅनेजरने सगळ्यांसमोर माझ्या शीटमधली चूक काढली, जी माझी नव्हती. एरवी मी जागेवर उत्तर देते, मग बाथरूममध्ये जाऊन रडते, मग रात्री दोनपर्यंत ते भांडण मनात परत परत खेळते. आज झालं असं की तो बोलत असताना उजवा अंगठा आपोआप अनामिकेच्या मधल्या पेरावर गेला. जप वगैरे काही केला नाही, नुसता अंगठा गेला. त्याचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, व्हर्जन हिस्टरी बघून सांगते. बघितली, मेल टाकला, विषय संपला.

रागावले नव्हते असं अजिबात नाही. लोकलमध्ये तीनपैकी दोन माळा त्याच्याच नावाने गेल्या. पण झोप अकराला लागली, म्हणून ही नोंद.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी संपली. अभ्यंगाच्या दिवशी पहाटे सगळेच लवकर उठतात त्यामुळे ती शांत वेळ मिळतच नाही, हे लक्षात ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांत जप करून बघितला, मोठ्याने, आणि आश्चर्य म्हणजे पावसाळ्यातल्या शांत पहाटेपेक्षा तो बरा झाला, कारण ऐकायला जोर लावावा लागतो, दुसरा विचार करायला जागा उरत नाही.

बीपी तपासलं, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, असंच चालू ठेवा. संध्याकाळचं चालणं पण मी जुलैपासूनच सुरू केलंय, त्यामुळे कोणी हे वाचून आपल्या गोळ्या बंद करू नयेत.

२ नोव्हेंबर, रविवार, कार्तिकी

पूर्ण नाही झाला. अजून पंचवीसेक माळा बाकी. सकाळी आईंना सांगितलं, संकल्प मोडला. त्या म्हणाल्या, "कोणी सांगितलं? पौर्णिमेपर्यंत धरतात की. आमच्याकडे चातुर्मास पौर्णिमा ते पौर्णिमा पाळणारे पण होते." बुधवारी त्रिपुरी पौर्णिमा. आज सुट्टी आहे, बारा होतील.

५ नोव्हेंबर, बुधवार, त्रिपुरी पौर्णिमा

काल रात्री झाला. शेवटची माळ चालू असताना सत्तराव्या मण्याला मुलाने हाक मारली, गणित अडलं होतं. उठले, गणित सोडवलं (लसावि, मला पण दोनदा करावं लागलं), परत येऊन पहिल्यापासून केली.

सांगता कशी करायची विचारणाऱ्यांसाठी: मंत्राचं पुरश्चरण केलं तर त्याचं शास्त्र मोठं आहे, जितकी अक्षरं तितके लाख जप, मग दशांश हवन, तर्पण वगैरे, आणि ते गुरूंना विचारूनच करतात. मी केला तो साधा नामजपाचा नेम. देवापुढे पाणी सोडलं, जप रामाला अर्पण केला, एका गरजू घरी महिन्याचा शिधा दिला. बास.

एकूण खर्च शिधा सोडून ७९०, त्यातले काउंटरचे १२० फुकट. पुन्हा करायचा तर आकडा ५० हजार ठेवेन आणि गणपती, नवरात्र, दिवाळी हे दिवस हिशोबातून आधीच काढून टाकेन, पकडून चाला की ह्या दिवसांत काहीच होत नाही, झालं तर वरकड.

उद्यापासून तीन माळा, सकाळच्या. बेरीज लिहिणार नाही. तुटलेल्यांचा रकाना तेवढा चालू ठेवतेय, आजच्या खान्यात एक आहे, कुरियर.